टर्बो इंजिनाच्या ट्रॅक्टरचे हेड गॅस्केट : बिघाड, परीक्षा व बदलण्याची पद्धत

शेतीच्या कामात ट्रॅक्टरचा उपयोग जसजसा वाढत गेला, तसतशी त्याच्या इंजिनाची रचनाही बदलत गेली. पूर्वीच्या ट्रॅक्टरचे इंजिन केवळ आपल्या श्वासाने ओढलेल्या हवेवर चालत असे. आता रोटाव्हेटर, मोठा नांगर आणि उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांच्या इंजिनास टर्बोचार्जर बसविलेला असतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूकी याने सन १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि अमेरिकेतील अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने सन १९६१ मध्ये आणलेल्या डी-१९ या ट्रॅक्टरात टर्बोचार्जर कारखान्यातूनच बसविलेले डिझेल इंजिन मिळू लागले. या साधनाने त्याच आकाराच्या इंजिनापासून अधिक शक्ती मिळते हे खरे. परंतु त्याबरोबरच इंजिनाच्या काही भागांवरील ताणही वाढतो. अशा भागांपैकी हेड गॅस्केट हा एक महत्त्वाचा भाग होय.

हेड गॅस्केट जळाल्यामुळे ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला, घाईघाईने नवीन गॅस्केट बसविले, आणि पंधरा दिवसांत तेही जळाले, असा अनुभव अनेक शेतकरी बांधवांस येतो. अशा वेळी दोष गॅस्केटला दिला जातो. वस्तुतः बहुधा गॅस्केट हे रोगाचे कारण नसून रोगाचे लक्षण असते. मूळ कारण तसेच ठेवून केवळ गॅस्केट बदलल्यास पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात. यास्तव हे काम ट्रॅक्टरमालक स्वतः करणार असो वा मिस्त्रीकडून करवून घेणार असो, त्यातील प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे त्याने समजून घेणे हिताचे आहे.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचा ब्लॉक व त्यावरील हेड हे दोन निरनिराळे भाग असून ते बोल्टांनी एकमेकांस आवळलेले असतात. या दोहोंच्या मध्ये जे पातळ पत्र्यासारखे पान असते, तेच हेड गॅस्केट. त्यास एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. सिलिंडरातील जळत्या वायूचा दाब कोंडून धरणे, इंजिन थंड ठेवणारे पाणी त्याच्या मार्गातच ठेवणे, आणि वंगणाचे तेल त्याच्या छिद्रातून बाहेर फुटू न देणे. पूर्वी तांबे व अ‍ॅस्बेस्टॉस यांची गॅस्केटे प्रचारात होती. हल्ली पोलादाच्या अनेक पातळ थरांची, अथवा ग्राफाइटसारख्या पदार्थाची व सिलिंडरच्या छिद्राभोवती पोलादी कडे असलेली गॅस्केटे वापरतात.

या पानावर किती भार येतो, हे साध्या हिशेबाने समजेल. सिलिंडरचा व्यास १० सें.मी. असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौ.सें.मी. होते. टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब सुमारे ८० कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. धरला, तर हेडला वर उचलू पाहणारे बल सुमारे ६ टन होईल. टर्बो इंजिनात हाच दाब १३० कि.ग्रॅ. धरल्यास ते बल १० टनांच्या घरात जाते. इंजिन मिनिटास २,००० फेरे करीत असता प्रत्येक सिलिंडरात असा धक्का मिनिटास १,००० वेळा बसतो. हेडचे बोल्ट योग्य प्रमाणात आवळलेले असतील व दोन्ही पृष्ठभाग सपाट असतील, तरच पातळ गॅस्केट हा धक्का वर्षानुवर्षे सहन करू शकते.

टर्बोचार्जरमुळे काय बदलते

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात पुष्कळ शक्ती शिल्लक असते. टर्बोचार्जरमध्ये हा धूर एका लहान चक्रास फिरवितो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास असलेले चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरात भरते. हवा जास्त गेली की अधिक डिझेल पूर्णपणे जाळता येते आणि शक्ती वाढते. हा दांडा मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेऊ शकतो, आणि तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, अधिक डिझेल जळाल्याने उष्णता वाढते, व ती बाहेर नेण्याचा भार रेडिएटरवर पडतो. दुसरी म्हणजे, तेलात पाणी अथवा कचरा मिसळल्यास सर्वप्रथम हानी होते ती टर्बोच्या दांड्याची व इंजिनाच्या बेअरिंगांची. म्हणून टर्बो इंजिनात गळके गॅस्केट घेऊन ‘एवढे वावर संपवून मग बघू’ असे म्हणणे फार महाग पडते.

गॅस्केट का जळते

सर्वांत सामान्य कारण म्हणजे इंजिन तापणे. मळणीच्या व रोटाव्हेटरच्या कामात भुसा, पाचट व माती रेडिएटरच्या जाळीत बसते आणि हवेचा मार्ग बंद होतो. पंख्याचा पट्टा सैल असणे, पाणी कमी असणे, थर्मोस्टॅट अडकणे, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यामुळे आतून पापुद्रा धरणे, ही इतर कारणे होत. धातू तापला की प्रसरण पावतो. अर्धा मीटर लांबीचे बिडाचे हेड ८० अंश सेंटिग्रेडने तापले असता सुमारे ०.४४ मि.मी. वाढते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड त्याच्या सुमारे दुप्पट वाढते. सर्व हेड सारखे तापले तर ही वाढ निभावते. परंतु एखादा भाग पाण्यावाचून जास्त तापला, तर हेड वाकते आणि तेथील गॅस्केटवरील पकड सुटते.

रेडिएटरची टोपी हीही दुर्लक्षित राहणारी वस्तू आहे. सुमारे ०.९ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. दाब धरणारी टोपी असल्यास आतील पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते. टोपीचे रबर गेले की हा लाभ नाहीसा होतो, पाणी लवकर उकळते आणि हेडमध्ये वाफेचे कप्पे तयार होतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे डिझेल पंपाशी केलेली छेडछाड. वाहतुकीसाठी अधिक ओढ मिळावी म्हणून पंपाचे सील तोडून डिझेलचे प्रमाण वाढविले जाते, किंवा पंपाचा टायमिंग पुढे घेतला जातो. त्यामुळे ज्वलनाचा दाब व उष्णता इंजिनाच्या मूळ मर्यादेपलीकडे जातात. याखेरीज बोल्ट कमीअधिक आवळणे, पृष्ठभाग अस्वच्छ ठेवणे आणि लायनरची उंची न तपासणे ही जोडणीतील कारणे आहेत.

लक्षणे व परीक्षा

इंजिन न उघडता पुढील लक्षणांवरून बिघाडाचा अंदाज येतो :

(१) बाहेर कोठेही गळती दिसत नसता रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होणे.
(२) रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, किंवा भार पडताच पाणी बाहेर फेकले जाणे.
(३) इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहणे.
(४) तेलाचा रंग दुधाळ होणे, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे.
(५) सकाळी इंजिन सुरू होण्यास जड जाणे व काही वेळ एक सिलिंडर न लागणे.

यांपैकी प्रत्येक लक्षणास दुसरेही कारण असू शकते, हे विसरू नये. नोझल बिघडल्यास न जळालेल्या डिझेलचाही पांढरा धूर निघतो. पण तो डोळ्यांस झोंबतो, तर पाण्याची वाफ थोड्याच अंतरावर हवेत विरून जाते. निळसर धूर असल्यास टर्बोच्या सीलमधून तेल जात असल्याची शंका घ्यावी. काळा धूर असल्यास प्रथम हवागाळणी व टर्बोनंतरच्या हवेच्या नळ्या पाहाव्यात. तसेच थंडीच्या दिवसांत तेल भरण्याच्या टोपीखाली किंचित पांढरा फेस दिसतो. तो केवळ हवेतील दमटपणाचा असू शकतो.

तेलात पाणी आहे किंवा नाही हे पाहण्याचा सोपा उपाय असा : ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवावा व सकाळी इंजिन सुरू न करता तेलाचा खालचा बूच हळूहळू सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने ते असल्यास आधी बाहेर येते. मात्र हे पाणी गॅस्केटमधूनच आले असे नव्हे. तेल थंड करणारा कूलर फुटल्याने किंवा ओल्या लायनरची खालची रबरी कडी गेल्यानेही ते येते. तेलाचे पात्र काढून रेडिएटरला हातपंपाने दाब द्यावा व थेंब कोठून पडतो ते पाहावे. लायनरच्या खालच्या कडेने थेंब पडत असल्यास दोष कड्यांचा समजावा. कूलर स्वतंत्रपणे काढून तपासून घ्यावा.

वायूची गळती पाहण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असता टोपी काढावी, पाणी काठोकाठ भरावे आणि पाण्याचा पंप फिरू नये म्हणून पट्टा उतरवावा. नंतर इंजिन मिनिटभरच चालवावे. बुडबुडे ताबडतोब व सतत येऊ लागल्यास सिलिंडरातील वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे. टर्बो इंजिनात गळती काही वेळा केवळ भाराखालीच प्रकट होते. अशा वेळी कार्यशाळेतील रासायनिक परीक्षा उपयोगी पडते. तीत ज्वलनाचे वायू मिळताच निळ्या द्रवाचा रंग पिवळसर होतो.

इंजिन एकाएकी फिरेनासे झाले, तर स्टार्टरने जोर करू नये. सिलिंडरात पाणी साचले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून इंजिन पान्याने हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडेल.

खोलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कामास हात घालावा. गरम हेडचे बोल्ट सोडल्यास हेड वाकण्याचा संभव असतो. बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी. पाणी स्वच्छ भांड्यात काढून झाकून ठेवावे. त्यातील कुलंट चवीस गोड पण विषारी असतो, व गुरे किंवा कुत्री तो चाटण्याची भीती असते. तेलही काढून घ्यावे.

हवागाळणीची नळी, टर्बोला तेल नेणारी बारीक नळी व तेल परत आणणारी जाड नळी सोडवाव्यात. टर्बो धुराच्या मॅनिफोल्डसह एकत्र उतरविणे सोयीचे असते. तो सुटा होताच त्याची सर्व तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. आत पडलेला एखादा नटही चक्राची पाती तोडण्यास पुरेसा होतो. डिझेलच्या नळ्या व नोझल काढून त्यांचीही तोंडे झाकावीत. रॉकर व पुशरॉड काढताना पुठ्ठ्यास क्रमवार भोके पाडून त्यात पुशरॉड खोचून ठेवावेत, म्हणजे जे जेथील ते तेथेच परत जातील.

हेडचे बोल्ट कडेपासून मध्याकडे, थोडे थोडे करीत, दोन-तीन फेऱ्यांत सोडावेत. हेड जड असते. दोघांनी किंवा साखळीच्या कप्पीने ते सरळ वर उचलावे. हेड व ब्लॉक यांच्या फटीत पेचकस घालून उपटू नये, कारण त्याचा एक ओरखडा पुढे गळतीस वाट देतो. हेड काढल्यावर ओले लायनर पट्ट्यांनी दाबून धरल्याशिवाय इंजिन फिरवू नये. तसे केल्यास लायनर वर उचलला जातो व खालच्या कड्या बिघडतात.

जुने गॅस्केट लगेच फेकून देऊ नये. ते झालेल्या घटनेचे साक्षीदार असते. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा मार्ग दिसल्यास वायू एका सिलिंडरातून दुसऱ्यात जात होता. पाण्याच्या छिद्राकडे मार्ग गेला असल्यास पाणी व वायू यांची सरमिसळ झाली होती. सर्व सिलिंडरांभोवती सारखाच करपटपणा दिसल्यास इंजिन तापण्याकडे किंवा पंपाच्या जोडणीकडे संशय न्यावा. जुन्या इंजिनातील गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याचा संभव असल्यास ते कोरडे घासू नये. ओले करून काढावे, कारण त्याची धूळ फुप्फुसास अपायकारक असते.

पृष्ठभागांची तपासणी

या कामात सर्वाधिक वेळ येथे द्यावा. पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या अथवा बोथट खरवडणीने साफ करावेत. यंत्रावर फिरणारी घासचकती वापरू नये. तिचे कण तेलात मिसळून बेअरिंग व टर्बो यांचा नाश करतात. नंतर अचूक सपाट पट्टी लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर ठेवून खालची फट फिलर गेजने मोजावी. मर्यादा इंजिनानुसार बदलते. सामान्यतः ती एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून अधिक नसते, आणि नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. वाकलेले हेड लेथवाल्याकडून फेसिंग करून घेता येते. तथापि किती घासावयाचे यास सीमा आहे. फार घासल्यास व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. व्हॉल्व्हच्या बैठकींमधील तडे डोळ्यांनी न दिसणारेही असतात, म्हणून खूप तापलेले हेड दाबाखाली तपासून घेतल्याशिवाय बसवू नये.

ओल्या लायनरची वरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागाहून किंचित उंच असावी लागते. हीच उंची गॅस्केटचे पोलादी कडे दाबून धरते. ती डायल गेजने प्रत्येक लायनरवर चार ठिकाणी मोजावी. एखादा लायनर खाली बसला असेल, तर नवीन गॅस्केट तेथेच पुन्हा जळणार हे निश्चित. तसेच काही इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो यावरून गॅस्केटची जाडी निवडावी लागते. ती जाडी गॅस्केटच्या कडेवरील खाचांनी अथवा भोकांनी दर्शविलेली असते.

बोल्टांची भोकेही तपासावीत. त्यांत तेल किंवा पाणी राहिल्यास बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. शिवाय बोल्ट घट्ट झाल्याचा भास होतो, पण हेडवर दाब येत नाही. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जाण्यासाठीच बनविलेले असतात. ते एकदाच वापरावयाचे असतात. इतर बोल्टही लांबलेले, गंजलेले अथवा आटे झिजलेले असल्यास बदलावेत.

जोडणी

नवीन गॅस्केट जुन्यावर ठेवून सर्व छिद्रे जुळतात किंवा नाहीत ते पाहावे. वरची बाजू दर्शविणारी खूण वर येईल असे ते बसवावे. पुस्तिकेत सांगितले नसल्यास त्यावर ग्रीस, रोगण किंवा चिकट लेप लावू नये. हेड सरळ खाली ठेवावे, सरकवू नये. बोल्टांच्या आट्यांना पुस्तिकेनुसार हलके तेल लावावे.

आता टॉर्क पान्याने आवळणे. क्रम मध्यापासून बाहेरच्या दिशेने असतो, म्हणजे गॅस्केट मध्यातून पसरत कडेपर्यंत सारखे बसते. आवळणे टप्प्याटप्प्याने करावे. उदाहरणार्थ, अखेरचा आकडा ११० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ११ कि.ग्रॅ.-मीटर, दिलेला असल्यास प्रथम सर्व बोल्ट ४० वर, मग ८० वर व शेवटी ११० वर आणावेत. ताणल्या जाणाऱ्या बोल्टांना ठराविक आकड्यानंतर सांगितलेल्या अंशांइतके फिरवावयाचे असते. ‘हाताच्या अंदाजाने’ हे काम होत नाही. टॉर्क पाना नसल्यास तो मिळेपर्यंत थांबावे.

टॅपेटची फट मोजून लावावी. टर्बोच्या तेलाच्या नळ्या बसविताना नवीन वॉशर व गॅस्केट वापरावीत. तेथे चिकट लेप लावू नये, कारण त्याचा सुटलेला तुकडा बारीक मार्ग बंद करतो आणि टर्बो तेलावाचून जळतो. नळी जोडण्यापूर्वी टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडे स्वच्छ तेल घालून चक्र बोटाने फिरवावे. तेल व गाळणी नवीन घालावी. जुन्या तेलात पाणी गेले असल्यास हे पहिले तेल थोडेच तास चालवून पुन्हा बदलावे. कुलंट व मृदू पाणी सांगितलेल्या प्रमाणात भरून आतील हवा काढावी.

प्रथम डिझेल बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने थोड्या थोड्या वेळाने इंजिन फिरवावे. नंतर ते सुरू करून काही मिनिटे संथ चालवावे, गळती पाहावी व मगच क्रमाक्रमाने भार द्यावा. काही इंजिनांत बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, काहींत तसे करणे वर्ज्य असते. याबाबतही पुस्तिका प्रमाण मानावी.

पुढील काळजी

धुळीच्या व भुशाच्या कामात रेडिएटरची जाळी रोज साफ करावी, आणि हवेचा झोत इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावा. सकाळी सुरू केल्यावर इंजिनास दोन-तीन मिनिटे संथ चालू द्यावे. जड कामानंतर बंद करण्यापूर्वीही तितकाच वेळ संथ चालू ठेवावे, म्हणजे तप्त टर्बोस तेल मिळत राहते. काटा लाल भागाकडे जाताच भार काढावा व इंजिन संथ ठेवावे. परंतु पाणी सर्व गेले असल्यास किंवा तेलाचा दाब नसल्यास तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरची टोपी उघडू नये व तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. गळती थांबविण्यासाठी हळद अथवा बाजारातील पूड घालण्याची पद्धत आहे. तिने गळके गॅस्केट दुरुस्त होत नाही, उलट रेडिएटरच्या व कूलरच्या बारीक वाटा बंद होतात.

ट्रॅक्टरमालकाने मिस्त्रीस तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हेड पट्टीवर तपासले काय, लायनरची उंची मोजली काय, आणि गॅस्केट कशामुळे जळाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय इंजिन बंद करू देऊ नये. या कामाचे पद्धतशीर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मध्यप्रदेशातील बुधनी येथे सन १९५५ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. गावात असा एखादा जाणता तरुण तयार झाल्यास अनेकांचा हंगाम वाचेल. कारण इंजिनास लागणारा एक दिवसाचा धीर हा पेरणीच्या दिवसांत आठ दिवसांच्या खोळंब्याहून कितीतरी स्वस्त असतो.